जवळच्या खांबाची हाक

सकाळी डेअरीवर दूध घालून परत निघालो होतो. न्हावऱ्याच्या चौकात मोटारसायकल लावून तंबाखू मळत होतो, तेवढ्यात धुळाचा फोन आला. धुळा म्हणजे दौंडच्या राखीव पोलिसांतला हवालदार, आमच्या बिरूचा मेहुणा. एरवी फोन लावला की आधी माझ्या पोटाच्या घेराची चौकशी करणारा हा माणूस त्या दिवशी नुसता "बाळासाहेब..." म्हणाला आणि थांबला. मी म्हणालो, "बोल की." तर म्हणाला, "दाजी गेलं." कावीळ झाली होती. बिरूनं ती अंगावर काढली, कुणाकुणाचा झाडपाला खाल्ला, पथ्य मात्र एक दिवस पाळलं नाही, आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. वय अजून चाळिशीच्या आतलं. मी तंबाखू तशीच टाकून दिली आणि गाडी इनामगावच्या रस्त्याला लावली. दुपारपर्यंत घोड नदीच्या काठावर सगळं उरकलं होतं. माणसं आपापल्या गाड्यांकडे वळली तेव्हा मला बिरूचा राग आला होता, खरं सांगतो. भांडण अर्धं टाकून निघून जाणाऱ्या माणसाचा येतो ना, तसा राग.

आमचं भांडण फुटबॉलचं होतं. बिरू मेंढपाळ होता, त्याच्याबद्दल पेपरच्या पुरवणीत कुणी लिहील असं त्याला कधी वाटलं नसेल. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शिरूरला आमच्या कॉलेजची जी टीम होती, तिनं गोलपोस्टासमोर गेल्यावर काय करायचं हे तो ठरवायचा, आणि त्याच्यासारखं ठरवणारा माणूस मी नंतर टीव्हीवरसुद्धा पाहिला नाही. हे छापून यायला हवं असं माझं ठाम मत आहे. माझी सगळीच मतं ठाम असतात. बिरू त्याला आडमुठेपणा म्हणायचा, आणि म्हणणारा स्वतः किती आडमुठा होता ते पुढं येईलच.

आमच्याकडं खेळ म्हणजे कबड्डी, नाहीतर जत्रेतली कुस्ती. फुटबॉल आणला साळोखे सरांनी. सर कोल्हापूरचे, म्हणजे फुटबॉल त्यांच्या रक्तात. बदली होऊन आमच्या कॉलेजात आले तेव्हा सामानात एक ट्रंक, एक वळकटी आणि जाळीत तीन फुटबॉल होते. त्यांनी गावोगावची पोरं गोळा केली. मी न्हावऱ्याचा, घरची शेती, अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून दणकट, म्हणून कॅप्टन झालो. बिरू इनामगावहून एसटीनं यायचा. बारीक, काटक, कमी बोलणारा. लहानपणापासून मेंढरांमागं चाललेला, त्यामुळं दम कधी लागायचाच नाही. सरांनी त्याला मधल्या फळीत उभा केला आणि कॉर्नरही त्यालाच मारायला दिले, कारण तो पायानं चेंडू जिथं म्हणेल तिथं टाकायचा. गोफणीचा हात आहे तो पायात उतरलाय, असं सर म्हणायचे.

अडचण गोलपोस्टासमोर होती. मैदानाच्या मध्यापर्यंत आम्ही सरांनी खडूनं काढून दाखवलेलं सगळं नीट करायचो. पण एकदा का समोर दोन खांब आणि त्यात घाबरलेला गोलकीपर दिसला, की आमच्यातला प्रत्येकजण गोल आपणच मारणार म्हणून सुटायचा. सहा सहा पोरं एका चेंडूवर. एकमेकांच्या नडग्या फोडायची, आणि चेंडू बिचारा कधी कीपरच्या हातात, कधी शेजारच्या बाभळीत. सर डोक्याला हात लावून बसायचे. "अरे, काय करालाईसा? गोल मारायचा हाय, प्रसाद वाटणं चाललेलं न्हवं तिथं!" एके दिवशी असंच ओरडून सर दमले, तेव्हा बिरू पहिल्यांदा तोंड उघडून बोलला. "सर, ही समदी तिथं गेली की इचार करत्यात. अरुंद वाटंला आलेल्या मेंढराला इचार करू देऊ नये. एकानं हाकारायचं, बाकीच्यांनी पाय उचलायचं." पोरं फिदीफिदी हसली. मी भडकलो, कारण आम्हाला मेंढरं म्हटलं होतं. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी बिरूला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "हाकारतोस कसं, ते दाखव."

त्यानं तीन हाका दाखवल्या. एका बाजूला उभं पीक असलं तर मेंढरं जवळच्या कुंपणाला धरून न्यायची असतात, त्यासाठी जीभ टाळूला लावून काढलेली "ट्रर्रर्र..." अशी थरथरती हाक. मागं फिरवायची असली तर लांब, शेवटी खाली उतरणारी शीळ. आणि लांबच्या कडेला पांगवायची असली तर छातीतून "हाऽऽ हाऽऽ". सरांनी खडू घेतला आणि त्या हाका गोलपोस्टाला जोडून दिल्या. ट्रर्रर्र म्हणजे जवळचा खांब. शीळ म्हणजे चेंडू मागं, डीच्या, म्हणजे गोलासमोर आखलेल्या चौकटीच्या, तोंडाशी. हाऽऽ म्हणजे लांबचा खांब. मग महिनाभर आम्ही डोळ्यांना गमचे बांधून त्या हाकांवर धावलो. तीनदा मी खांबावर आपटलो, आणि तिन्ही वेळा बिरू शांतपणे म्हणाला, "कॅप्टन, जवळचा खांब म्हणलं की खांबाच्या जवळ. खांबात न्हाई." हळूहळू असं झालं की हाक आली की पाय निघायचे, डोकं मागनं यायचं. समोरच्या टीमला काही कळायचं नाही. त्यांना वाटायचं, कुणी वेडं पोरगं मागं उभं राहून आवाज काढतंय. आम्ही तालुका मारला, मग आजूबाजूच्या कॉलेजांना धूळ चारली. गर्वानं सांगतो, त्या हंगामात गोलपोस्टासमोर आमच्याइतकी शिस्तीची टीम आमच्या भागात नव्हती.

फायनल दौंडला होती, रेल्वेच्या मैदानावर. दौंडला रेल्वेमुळं फुटबॉल जुना. तिथल्या पोरांचे बूटसुद्धा आमच्या बुटांकडं तुच्छतेनं बघत होते. पण आमचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. राखीव पोलिसांच्या टीमचे कोच मॅच बघायला येणार होते. त्यांना खेळाडूंच्या कोट्यातून एक माणूस भरायचा होता, आणि साळोखे सरांनी बिरूचं नाव त्यांच्या कानावर घातलं होतं. बिरूला ती नोकरी हवी होती. त्याच्या वडलांची निम्मी मेंढरं विकून झाली होती, कारण चरायला रान उरलं नव्हतं. कॅनॉल आला तसा माळावर ऊस आला... आणि त्यात आमचाही ऊस होता, हे मी विसरलेलो नाही. घरात शिकलेला तो एकटा. पोलिसाची वर्दी अंगावर आली तर घराला पाय रोवता येणार होते. जाताना एसटीत तो मला एवढंच म्हणाला होता, "कॅप्टन, आज नीट खेळू."

पहिल्या अर्ध्यात आम्ही दौंडला अक्षरशः घोळवलं. तीन वेळा चेंडू त्यांच्या डीत नेला, तीन वेळा बिरूची हाक आली, तिन्ही वेळा आम्ही बरोबर जागी पोचलो, आणि तिन्ही वेळा त्यांचा दोन नंबरचा फुलबॅक आमच्या आधी तिथं हजर. सावळा, उंच, मान तिरकी करून ऐकल्यासारखा उभा राहणारा. उलट त्यांनी एकदाच आमच्याकडं येऊन गोल करून टाकला. हाफटाइमला नळावर तोंड धुताना बिरू मला म्हणाला, "त्यो दोन नंबर आमच्यातला हाय. माझी हाक त्येला कळती." आमची चूक ही अशी होती. साऱ्या जगाला ही भाषा येत नाही असं धरून आम्ही बसलो होतो, आणि दौंड तालुक्यातल्या निम्म्या गावांत मेंढपाळांची घरं आहेत हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. बिरूच्यासुद्धा.

माझं डोकं अशा वेळी झटकन चालतं. मी म्हणालो, "मग सोपं हाय की. उलटं कर. ट्रर्र म्हणलं की आम्ही लांबच्या खांबाला जातो, त्यो जाईल जवळच्या. दोन गोल तर असंच मारू." सगळ्या पोरांच्या तोंडावर उजेड पडला. बिरू मात्र मान हलवायला लागला. "न्हाई जमायचं."

"का न्हाई?"

"हाकेत खोटं बोलत न्हाईत, कॅप्टन. पानी हाय म्हणून मेंढरं एकदा जरी कोरड्या वढ्याला नेली, तर दुसऱ्या दिशी खऱ्या हाकेला बी ती मान वर करून बघत्यात. पाय उचलत न्हाईत. आज तुमी न बघता धावता. उलटं केलं की बघून धावाल. मग माझ्या हाकेत राह्यलं काय?"

"आरं, उद्याचं उद्या बघू! आज तुझी नोकरी हाय!"

"नोकरी माझीच हाय ना? मग राहू दे."

मी त्याच्यावर ओरडलो. नळाभोवती दोन्ही टीमची पोरं उभी होती, पण मला कशाचं भान नव्हतं. मी सांगितलं, एक तर उलटं हाकार, नाहीतर तोंड बंद ठेव, कॅप्टन मी आहे. सरांकडं पाहिलं तर ते म्हणाले, "हाक त्याची हाय बाबा. मी कसं सांगू?" बिरूनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "गप बसतो. पण खोटं हाकारणार न्हाई."

दुसरा अर्धा त्यानं शब्द पाळला. एक हाक दिली नाही. आणि आमची पुन्हा जुनी दैना झाली, सहा पोरं, एक चेंडू, फुटलेल्या नडग्या. दौंडकरांना तर आम्हाला अडवायचीही गरज उरली नाही, आम्हीच एकमेकांना अडवत होतो. बाजूला खुर्चीवर ते पोलिसांचे कोच बसलेले, त्यांनी एकदा घड्याळ बघितलेलं मी पाहिलं. शेवटी शेवटी आम्हाला एक कॉर्नर मिळाला. बिरू चेंडू घेऊन कोपऱ्यात गेला, चेंडू ठेवला, आणि माझ्याकडं बघत उभा राहिला. विचारत होता. मला वाटलं, आता तरी हा शहाणा होईल, समोर नोकरी बसलीय. मी ओरडलो, "दे हाक! तुला द्यायची तशी दे!" आणि हाक आली... ट्रर्रर्र. जवळचा खांब. ती खरी आहे की उलटी हे विचारायला वेळ नव्हता, आणि पायांनी विचारलंही नाही. ते सुटले. चेंडू असा आला की डोळे मिटून डोकं लावावं. मी उडालो, दोन नंबरही उडाला, आणि त्याचं डोकं माझ्या आधी लागलं. चेंडू मैदानाबाहेर गेला, शिट्टी वाजली. हरलो.

पोलिसांत घेतला तो दोन नंबर. तोच धुळा. कोचनी त्याला जागेवरच बोलावून घेतलं, आणि मी बुटाची लेस सोडता सोडता बिरूला शिव्या घालत होतो. बिरू तिकडं धुळासमोर जाऊन उभा राहिला होता. "कुठलं गाव?" "खुटबाव." "मेंढरं किती राह्यली?" "थोडी." असं त्यांचं चाललेलं. मग आम्ही तिघांनी स्टेशनसमोर चहा घेतला, त्यातल्या एकानं, म्हणजे मी, तोंड फुगवून. परतीच्या एसटीत बिरू म्हणाला, "हाक बराबर हुती. त्यो आधी पोचला. पोचू दे की." असा राग आला होता मला, की शिरूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

पुढं आयुष्य आपापल्या वाटेनं गेलं. मी शेतीत पडलो, सोसायटीच्या राजकारणात पडलो, एकदा निवडणुकीतही पडलो. बिरूनं वडलांची उरलेली मेंढरं सांभाळली, वाढवली, आणि नोकरी गेल्याचं एकदाही बोलून दाखवलं नाही. त्याचं लग्न झालं ते धुळाच्या बहिणीशी, हिराबाईशी. दरवर्षी कांदा निघाला की माझ्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला तोच यायचा. दुसऱ्या कुणाला मी बांधावर पाय ठेवू दिला नसता. संध्याकाळी आम्ही दोघं बांधावर बसायचो आणि मी विषय काढायचो. उलटं हाकारलं असतंस तर आज साहेब असतास. तो ज्वारीची भाकरी मोडत म्हणायचा, "असतो. मग तुझ्या रानात मेंढरं कुणी बसवली असती?" वर्ल्डकपची मॅच बघायला एकदा माझ्या घरी आला, तर सगळा वेळ अस्वस्थ. शेवटी म्हणाला, "एवढी मोठी मान्सं, पण गोलाम्होरं कुणी हाकारतच न्हाई व्हय रं?" आमची मंडळी आतून हसायला लागली. माझं म्हणणं मी सोडलं नाही, त्यानं त्याचं सोडलं नाही. वर्षामागून वर्षं आम्ही तोच कॉर्नर मारत होतो, आणि मला वाटायचं अजून पुष्कळ वर्षं मारू.

मागच्या आठवड्यात इनामगावला गेलो. धुळा रजा काढून बहिणीकडं आला होता. हिरावहिनींनी चहा ठेवला. सवयीनं मी आपला नेहमीचा विषय काढला, की त्यानं त्या दिवशी माझं ऐकायला हवं होतं. धुळानं चहाचा कप उचलला.

"बाळासाहेब, तुमची भांडणं मी ऐकली हुती," तो म्हणाला. "नळाच्या पल्याड मीच उभा हुतो."

मला कळेना. "म्हणजे?"

"म्हंजी मला ठावं हुतं, हाक दिली तर त्यो खरीच देणार. दुसरा कुणी असता तर मला इचार पडला असता, खरी का उलटी. दाजीची हाक आली आन् मी बिनघोर पळालो. म्हणून तर आधी पोचलो." त्यानं कप खाली ठेवला. "घरी जाऊन आईबापाला सांगितलं, मला नोकरी मिळाली आन् हिरीला नवरा. समोर नोकरी बसली असताना जो मेंढरासंगं खोटं बोलत न्हाई, त्यो बहिणीसंगं काय बोलणार?"

"आन् मी म्हणलं हुतं, हरलेला नवरा कशाला?" चुलीपाशी बसलेल्या वहिनी म्हणाल्या. "तर हा म्हणतो, बघून तर घे. बघितलं मग. पंधरा वर्सं बघितलं, भावजी. एक बोल खोटा निघाला न्हाई... आजारपणात तेवढं 'बरं हाय, बरं हाय' म्हणत राह्यलं, तेवढंच." त्यांनी पदर तोंडाला लावला. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही.

दिवस कलायला आला तशी मेंढरं माळावरून परतली. मेंढरं कोंडायच्या वाडग्याला एकच अरुंद वाट, दोन्हीकडं काट्याचं कुंपण. पलीकडं शेजाऱ्याची मेथी उभी. मी आणि धुळा त्या वाटेच्या समोरच गप्पा मारत उभे होतो, चांगलीच अडचण करून. वहिनी कळपाच्या मागं होत्या. त्यांनी जीभ टाळूला लावली आणि हाक दिली... ट्रर्रर्र.

मी धावलो. गुडघा दुखतो, पोट पुढं येतं, दहा वर्षांत बसच्या मागंसुद्धा धावलेलो नाही, पण हाक आली आणि मी जवळच्या कुंपणाला जाऊन भिडलो. त्याच क्षणी धुळाही सुटला होता, त्याच जागेसाठी. त्याचा खांदा माझ्या खांद्यावर आदळला, आणि आम्ही दोघं एकमेकांना धरून काट्यात पडता पडता वाचलो. वाट मोकळी झाली, तशी मेंढरं आमच्या पायांना घासत आत जायला लागली. धुळाला धाप लागली होती. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

"ह्या खेपेला तुम्ही आधी पोचला, कॅप्टन," तो म्हणाला.

सगळी मेंढरं आत जाईपर्यंत आम्ही तिथंच, कुंपणाला धरून, एकमेकांना चिकटून उभे राहिलो.